शेंबडाला सुई न्हाई

आमच्या वाड्यावर जो शिंकला त्याला सुई टोचायची, अशी रीतच व्हती. मेंढरू शिंकू द्या, कुत्रं शिंकू द्या, न्हाईतर माझा नवरा शिंकू द्या. माझी सासू बायडाबाई पालात जायची, पत्र्याच्या डब्यातून पिवळ्या औषधाची बाटली काढायची, सुईत भरायची आन् शिंकणाराच्या मागं लागायची. हसू नका, खरं सांगते. लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात मी डोळ्यांनी बघितलं. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणत्यात, पण नुसतं 'हे' म्हणलं तर तुमाला कळायचं न्हाई, म्हणून घेते. नाथा. तर नाथाला पडसं झालं व्हतं आन् त्याच्या आईनं त्याला घोंगडीवर पालथा पाडून मेंढराचीच सुई टोचली. पडसं गेलं आठ दिसांनी. सुईच्या जागी गळू झालं, ते गेलं महिन्यानं. तवर गडी लंगडत मेंढरांमागं. आन् आत्या काय म्हणली? "बघ बबे, कसा गुण आला!"

आत्या म्हंजे सासूच. आमच्यात सासूला आत्या म्हणत्यात आन् सासऱ्याला मामा.

आमी धनगर. गाव आष्टी तालुक्यात, पण दिवाळी झाली की घराला कुलूप. पाल, भांडी, कोंबड्या, सगळं घोड्यांवर लादायचं आन् मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला, गेवराईकडं उतरायचं. तिकडचे शेतकरी वावरात मेंढरं बसवून घेत्यात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. वाडा म्हणलं तर तुमाला पाटलाचा वाडा वाटंल. तसलं काय न्हाई. जाळी लावून मेंढरं कोंडली, कडंला पाल ठोकलं, की झाला आमचा वाडा. आज ह्याच्या वावरात, चार दिसांनी त्याच्या.

तर ती पिवळी सुई. आत्याचा हात लई हलका, हे कबूल करते. मेंढराला कळायचंबी न्हाई कधी टोचली. आन् पहिल्या-पहिल्यांदा ती सुई खरंच पावायची. छाती भरलेलं कोकरू, मान टाकलेलं, दुसऱ्या दिशी उठून आईला लुचायचं. असं डोळ्यानं बघितल्यावर कुणाचाबी भरवसा बसंल. बाईचा बसला. मग काय, शिंक आली की सुई, नाक गळालं की सुई, थंडीनं अंग चोरलं तरी सुई.

औंदा मात्र घोटाळा झाला. थंडी पडली आन् कोकरांच्या छात्या भरल्या. आत्यानं सुया दिल्या. कोकरं उठंनात. परत दिल्या. एक मेलं, दुसरं मेलं, मग मोजायचंच सोडलं आमी. मामा, म्हंजे माझा सासरा हरिबा, गेवराईहून जनावराच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं बाटली हातात घेतली आन् कपाळाला हात लावला.

"बाई, शिंकलं की टोचता का?"

"मग? मरायची वाट बघू?" आत्या म्हणली.

"हे औषध जंतू मारायचं हाय. जवा लागतं तवाच द्यायचं. तुमी बारकं बारकं कारण काढून वर्षानुवर्षं देत आलात. जंतूला सवय झाली. निब्बर झालेत ते. आता ह्या औषधाला भीक घालत न्हाईत."

त्यानं दुसरं औषध दिलं, बाकीची कोकरं वाचली. आत्यानं त्याच्या बोलण्यातून काय घेतलं, तर पिवळ्या बाटलीत भेसळ असणार. "आता असलंच औषध आणायचं तर जबर आणायचं," म्हणली. मी भाकरी थापत व्हते. मला दहावीपतूर शाळा झालेली, डॉक्टरचं बोलणं मला पटलं व्हतं, पण सासूच्या तोंडाला लागणं म्हंजे मोहळाला दगड मारणं. गप बसले.

आन् त्याच आठवड्यात माझ्या सुकन्याला पडसं झालं.

सुकन्या माझी लेक. पहिलीच. अजून बसताबी येत न्हवतं, बसवली की घोंगडीवर लवंडायची आन् आपलीच हसायची. सकाळी उठले तर नाक गळतंय, अंग कोमट. दूध प्यायला लागली की नाक बंद, श्वास घेता येईना, सोडायची आन् बोंब ठोकायची. आत्या पालाच्या दारात उभी राहून बघत व्हती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं व्हतं. मला वाटलं थंडीनं.

"कोकरांचं लागलं लेकराला," ती म्हणली. "आता का बसलीस? काय तरी जबर दे तिला."

मी म्हणलं, "जबर का काय ते डॉक्टर सांगंल. मी तलवाड्याला जाते."

आमचा वाडा तवा तलवाड्याच्या शिवारातच व्हता. नाथा बरोबर आला. सरकारी दवाखान्यात ही गर्दी. नंबर आला तवा आत डॉक्टर म्हणून एक तरुण बाई, वर्षाराणी मॅडम. तिचंच नाक लाल झालेलं. रुमाल हातात, दर दोन बोलांना शिंक. आमच्या वाड्यावर असती तर आत्यानं सोडलंच नसतं तिला.

मॅडमनं सुकन्याचं झबलं वर केलं आन् तिच्या छातीकडं बघत बसली. हातात घड्याळ. लेकरू मांडीवर गप पडू दिलं, मग श्वास मोजले. कानात बत्ती टाकून बघितलं, घसा बघितला.

"अंगावर पिते का?"

"पिते, पण नाक चोंदतं म्हणून सोडते."

"ओढायला जोर आहे का?"

"जोर? चावती की!"

मॅडम हसली, परत शिंकली. "साधं पडसं आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब देते, दूध पाजायच्या आधी नाकात घालायचे. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण सारखं द्यायचं. उबेत ठेवायचं. ताप चढला तर हे तापाचं औषध, एवढंच. बाकी काही नाही."

नाथाचं तोंड उतरलं. "मॅडम, ती जंतूची गोळी? अँटिबायोटिक का काय ते?"

"ती नाही लागत."

"असं कसं लागत न्हाई? लेकरू बघा की कसं झालंय!"

मॅडम म्हणली, "तुम्ही शेतात राहता. कापसावर लाल्या आला, पानं लाल पडली, आणि तुम्ही अळीचं औषध फवारलं, तर लाल्या जाईल का?"

"न्हाई जात. लाल्या काय अळीनं येतो व्हय?"

"तसंच हे. ती गोळी एका जातीच्या जंतूंवर चालते, जिवाणू म्हणतात त्यांना. पडसं होतं विषाणूनं. ती जातच वेगळी. त्याच्यावर ही गोळी टाकली काय अन् नाही टाकली काय, त्याला पत्ताही लागत नाही. उलट पोटात जे चांगले जंतू असतात तेच मरतात, लेकराला हगवण लागते. अंगावर पुरळ उठू शकतं. आणि उरलेले निब्बर होऊन बसतात, मग ज्या दिवशी खरंच लागते त्या दिवशी गोळी चालत नाही."

निब्बर. मी नाथाकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली.

"तुमचं नाक कवाधरनं गळतंय मॅडम?" त्यानं इचारलं. गडी चिवट.

"परवापासून."

"तुमी घेतली का गोळी?"

"नाही. मलाही नाही लागत." मग ती माझ्याकडं वळली, कारण तिला कळलं व्हतं कुणाशी बोलायचं. "तुम्ही एक करा. रोज छाती बघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का. मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजा, ती शांत असताना. पन्नासाच्या पुढं गेला, किंवा दूध सोडलं, किंवा मलूल पडली, उठवता येईना, तर कशाचीही वाट न बघता यायचं. मग मी स्वतः तुम्हाला ते औषध देईन. तेव्हा ते लागतं. आत्ता नाही."

बाहेर आल्यावर नाथाचा पारा चढला. "एवढी तंगडतोड केली आन् हातात काय, तर मिठाचं पाणी! ते काय आपल्या घरी न्हवतं?"

मी म्हणलं, "तुमाला पडशात सुई टोचली व्हती. पडसं गेलं का गळू आलं?"

तो तरातरा पुढं निघून गेला.

पण ऐकंल तो नाथा कसला. दुसऱ्या दिशी बाजारला गेला पीठ-मीठ आणायला आन् येताना पिशवीतून एक बाटली काढली. आत पांढरी पूड, पाणी घालून हलवायची, लेकरांची. "दुकानवाला म्हणला, सर्दी, खोकला, ताप, तिन्हीला एकच. निम्मा बाजार हेच नेतो."

आत्यानं ती बाटली अशी छातीशी धरली की देवाचा अंगाराच. "आता कसं! आण गं लेकराला."

मी सुकन्याला पदराखाली घेतलं. "हे तिच्या तोंडात जाणार न्हाई."

"काय म्हणलीस?"

"जाणार न्हाई म्हणलं. मॅडमनं बघून, मोजून, तपासून सांगितलंय. दुकानवाल्यानं लेकरू बघितलंय का? दुखणं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला, असली गत हाय ही."

"मोठी डॉक्टरीन झालीस व्हय गं!" आत्या ओरडली. "लेकरू काय तुझ्या एकलीचं हाय? आमचं कोण न्हाई? काय झालं म्हंजे कुणाला तोंड दाखवशील?"

खरं सांगू? ते बोलणं काळजाला लागलं. मला काय भ्या वाटत न्हवतं व्हय? सगळ्यांनी द्या म्हणायचं, मी एकलीनं नको म्हणायचं, आन् उद्या लेकरू बिघडलं तर जल्मभर माझ्या नावानं बोटं मोडणार. नुसतं बाटलीतलं चमचाभर तोंडात घातलं असतं तर सगळे गप झाले असते, मीबी सुटले असते. दिलं तर कुणी दोष देत न्हाई, न देणाराच्या डोक्यावर सगळं. पण मग ते औषध मी लेकरासाठी दिलं असतं का माझ्यासाठी? मी मामाकडं बघितलं. मामा चिलीम झटकत म्हणला, "मी मेंढरांचं सांगतो. लेकरांचं बायकांनी बघावं." वा रे गडी! कोकरू मेलं तर गेवराईला पळतो, नातीची येळ आली की बायकांनी बघावं.

मी म्हणलं, "मग बायकांनी बघितलं. न्हाई म्हंजे न्हाई."

त्या दिसापासून मी सुकन्याला कुणाच्या हाती दिलं न्हाई. पाण्याला गेले, पाठीशी. भाकरी टाकल्या, मांडीवर. मिठाचे थेंब घालायचे, जरा थांबायचं, नाक मोकळं झालं की पाजायचं. सकाळ-संध्याकाळ झबलं वर करायचं, मोबाईल लावायचा, मोजायचं. ताप आला, मॅडमचं तापाचं औषध दिलं, उतरला, परत आला. खोकलाबी सुरू झाला. आत्या लांबून बघायची. बाटली तिच्या कमरेच्या पिशवीत. तिच्याकडं पाठ केली तरी मला ती पिशवी दिसायची.

मग वाडा हलवायचा दिवस आला. आमच्यात वाडा हलतो तवा बारकी लेकरं घोड्यावर. सामानावर घोंगडीचा खळगा करायचा, त्यात लेकरू बांधायचं, शेजारी कोंबड्या, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. घोड्याची दोरी म्हातारीच्या हातात. नाथाबी असाच वाढला, त्याचा बापबी. आत्यानं खळगा करून ठेवला व्हता, मऊ गोधडी टाकून.

मी झोळी केली आन् सुकन्याला पाठीवर बांधलं.

"पायी नेतीस का एवढं लांब? डोकं फिरलंय का?"

"फिरू द्या. घोड्यासंगं तुमी, आन् तुमच्या कमरंला बाटली."

आत्या दोरी ओढून पुढं निघाली. मी कोकरांच्या मागं. ऊन चढलं तसं पाठ भिजली. लेकरू पाठीवर कण्हायचं, खोकायचं, मानेला त्याचा गरम श्वास लागायचा. दर थोड्या येळानं मी झोळी पुढं घेऊन बघायचे आन् परत चालायचे. पाय चालत व्हते, पण मन म्हणत व्हतं, बबे, तू चुकत तर न्हाईस ना? मग मी सोताशीच भांडायचे. छाती वढती का? न्हाई. पिते का? पिते. रडती का? गावभर ऐकू जाईल एवढी. मग झालं तर. चाल.

मामा आन् नाथा मोठा कळप घेऊन लई पुढं गेले व्हते. कालव्याच्या कडंला बाभळीखाली आमी टेकलो आन् तिथंच एक मेंढी व्यायला बसली. कळा देती, देती, आन् कोकरू बाहेर येईना. बघितलं तर एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. हात घालून सरळ केल्याशिवाय दोन्ही जाणार. आत्याच्या हाताला संधिवात, सुई धरंल पण आत बोटं वळत न्हाईत, हे काम आता माझंच. झोळी पाठीला ठिवून वाकता येईना. मी सुकन्याला सावलीत गोधडीवर निजवलं, आत्याकडं एकदा बघितलं आन् मेंढीशी बसले.

हात आत गेला, बोटाला गुडघा लागला, आन् मी मान वर केली तर काय! आत्यानं लेकरू मांडीवर घेतलेलं. बाटली हातात. झाकणाचं सील दातानं तोडतीय.

"आत्या!"

ती बघंना.

"आत्या, खाली ठिवा ती! शपथ हाय माझी!"

मेंढी ओरडत व्हती, माझा हात आत आडकलेला, सोडला तर मेंढी मरती. मी गुडघा वर ढकलला, पाय सरळ केला, कळ आली तसं जोर लावून वढलं. कोकरू भदकन मांडीत पडलं. नाकातला चिकटा बोटानं काढला, मेंढीच्या तोंडापुढं टाकलं आन् तशीच धावले, कोपरापतूर रक्तानं माखलेली. आत्यानं पाण्याची बाटली उघडली व्हती. मी तिचं मनगट धरलं. सासूचं मनगट! आमच्यात असं कुणी केलेलं न्हाई.

"सोड."

"न्हाई सोडत."

"सोड गं भवाने! तुला काय म्हाईत! तुला काय म्हाईत पडशानं काय व्हतं ते!" आन् म्हातारी एकदम फुटली. "नाथाच्या आधी मला एक झाला व्हता. बिरा. एवढाच व्हता, हिच्याएवढा. असंच नाक गळालं, मग खोकला, मग छाती भरली. वाडा लांब जंगलात. तुझा सासरा म्हणला, मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडायची, उद्या जाऊ दवाखान्यात. मीबी म्हणलं, उद्या जाऊ. उजाडलं तवा तो गार पडला व्हता." ती बाटली सोडंना. "त्यानंतर मी सुई शिकले. म्हणलं, आता कुणालाच तसलं जाऊ द्यायचं न्हाई. माणूस असू दे का मेंढरू."

मला हे कुणीच सांगितलं न्हवतं. नाथालाबी म्हाईत न्हवतं, नंतर कळलं. इतकी वर्षं मी त्या डब्याला हसत आले, आन् डब्यात बाईनं काय कोंडलं व्हतं! मला रडूच आलं. पण मनगट मी सोडलं न्हाई.

मी म्हणलं, "आत्या, बिराची छाती कशी व्हती?"

"कशी म्हंजे?"

"श्वास घेताना. आठवून सांगा."

तिनं डोळे मिटले. आठवायला तिला येळ लागला न्हाई. "बरगड्यांखाली खड्डा पडायचा. लोहाराच्या भात्यावानी छाती आत जायची, बाहेर यायची. भरभर, भरभर. अंगावर घेतला तर तोंड लावायचा आन् सोडायचा. वढायला जीवच न्हवता. शेवटी शेवटी रडलाबी न्हाई."

मी लुगड्याला हात पुसले आन् सुकन्याचं झबलं वर केलं. "आता हिची बघा."

"मला न्हाई बघायचं."

"बघा आत्या. माझं ऐकू नका, मॅडमचं ऐकू नका. तुमी बिराला बघितलंय. तुमच्यापरिस कुणाला कळणार न्हाई. बघा."

आत्या वाकली. सुकन्यानं पाय झाडले, चेहरा आक्रसला आन् अशी बोंब मारली की घोडं दचकलं. आत्या हलली न्हाई. तिची वाकडी बोटं लेकराच्या बरगडीखाली ठेवून ती बघत राहिली. लेकरू रडून गप झालं, हुंदके थांबले, तरी बघत राहिली. मी मोबाईल लावला आन् दोघींनी मिळून मोजलं, ती तोंडानं, मी मनात. पन्नासाच्या लई अलीकडं थांबलो. मग मी नाकात थेंब घातले आन् लेकराला पदराखाली घेतलं. ती लुचायला लागली, चट चट आवाज करत. कडंला मेंढी नव्या कोकराला चाटत व्हती.

"खड्डा पडत न्हाई," आत्या म्हणली. हळूच, जणू कुणी ऐकंल.

"न्हाई पडत."

"पितीय."

"पितीय की. आन् आत्या, एक ऐका. ज्या दिशी खड्डा पडंल त्या दिशी मी मेंढरं बघणार न्हाई, नवरा बघणार न्हाई, भर रानात असले तरी उठून पळत सुटणार. उद्या म्हणणार न्हाई. ही माझी जबान."

आत्यानं बाटलीकडं बघितलं. झाकण लावलं, आन् बाटली मातीत ठिवली. मग म्हणली, "बबे, खरं सांग. बिराला हे औषध मिळालं असतं, तर?"

खोटं बोलता आलं असतं मला. म्हणले असते, न्हाई आत्या, काय उपयोग न्हवता, देवाची इच्छा. म्हातारीचं काळीज हलकं झालं असतं. पण मग आज मी जे भांडले ते सगळं खोटं ठरलं असतं. तिला तर खरंच ऐकायचं व्हतं, म्हणून तर तिनं इचारलं.

"व्हय आत्या," मी म्हणलं. "बिराला लागत व्हतं. मिळालं असतं तर बहुतेक वाचला असता."

आत्यानं पदर तोंडावर घेतला आन् रडली. बाभळीखाली, भर दुपारी, मोठ्यानं. मी तिला थांबवलं न्हाई. तिच्या मांडीला मांडी लावून बसले, लेकरू दोघींच्या मधी.

सुकन्याचा ताप दोन दिसांनी उतरला. नाक मात्र आठवडा उलटून गेला तरी वाहतच व्हतं, खोकला त्याच्यापुढंबी रेंगाळला. पडशाला घाई नसती. मी थेंब घालायचे, आन् आत्या झबलं वर करायची. सकाळी करायची, दुपारी करायची, लेकरू झोपलं तरी करायची. मी म्हणलं, आत्या, थंडी लागंल तिला, जरा दम घ्या. तर म्हणली, तू गप बस. बाटली घेऊन नाथा दुकानदाराकडं गेला, तो परत घेईना, तर तिथंच भांडून आला. भांडायला लावलं की माझा नवरा लई कामाचा.

पौषात आमचा वाडा गोदावरीच्या कडंला व्हता आन् शेजारच्या वावरात दुसऱ्या धनगरांचा. त्यांची सून अंजना एका सकाळी धावत आली, काखंत पोरगं, नाक वाहतंय, डोळे पाणावलेत. "आत्या, तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात. एक सुई द्या की ह्याला. रातभर किरकिर केलीय."

मी भाकरीवरून मान वर केली. आत्यानं पोराला मांडीवर घेतलं, पदरानं नाक पुसलं.

"सुई न्हाई."

"अवो, मेंढराची चालंल की! आमचे मालक म्हणले."

"तुझ्या मालकाला म्हणावं, सोता टोचून घे. हे पडसं हाय, त्याला सुई लागत न्हाई. बबे, मिठाचं पाणी आण. आन् अंजने, नीट ऐक. ह्याची छाती वढायला लागली, दूध सोडलं, मलूल पडला, तर नवरा काय म्हणतो, मेंढरं कोण राखंल, काय बी बघू नको. मला हाक मार. रात असू दे न्हाईतर पाऊस असू दे. मी येते तुझ्यासंगं दवाखान्यात, पायी येते. फकस्त उद्या म्हणू नको."

अंजनाला काय उमगलं न्हाई. "उद्या म्हणलं तर काय व्हतं, आत्या?"

आत्यानं पोराचं झबलं वर केलं, बरगडीखाली बोटं ठेवली आन् मोजायला लागली.